दादर स्टेशनबाहेरची निवडलेली भाजी: काय घ्यावं, काय सोडावं

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या माणसाला पुढचं वाचायची गरज नाही. सोललेले वाल, साफ केलेलं केळफूल, शिरा काढलेली गवार आणि सुरणाच्या फोडी डोळे झाकून घ्या. मेथी निवडलेली घ्या, चिरलेली नको. चिरलेला कोबी, दुधी आणि कांदा यांच्या वाटेला जाऊ नका. आणि काकडी-बिटाच्या कापलेल्या चकत्या फुकट दिल्या तरी नकोत.

आता सविस्तर.

मी लोअर परळला नोकरी करतो आणि मुलुंड पूर्वेला राहतो. रोज संध्याकाळी दादरला पश्चिमेचा पूल चढून सेंट्रलला गाडी बदलायची. बायको नर्स आहे. तिची दुपारपाळी असली की ती रात्री दहाच्या पुढे घरी येते, त्यामुळे त्या आठवड्यात रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे. घरात आई, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. म्हणजे आम्ही पाच जण, आणि मी घरी पोचतो तेव्हा सगळ्यांना भूक लागलेली असते.

दादर पश्चिमेला संध्याकाळी निवडलेली, चिरलेली, सोललेली भाजी घेऊन बऱ्याच बायका बसतात. त्यांतल्या एका मावशींकडून मी नेहमी घेतो, हे परीक्षण त्यांच्याच भाजीचं. नेमकी जागा लिहीत नाही. एल्फिन्स्टन रोड (आताच्या प्रभादेवी) स्टेशनच्या पादचारी पुलावर २०१७ साली चेंगराचेंगरी झाली, त्यानंतर उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. तेव्हापासून मावशींची जागा आज इथे तर उद्या पुढच्या गल्लीत. म्युन्सिपाल्टीची गाडी आली की टोपली, काटा, गोणपाट सगळं दोन मिनिटांत गायब होतं. नियम चुकीचा आहे असं मला म्हणायचं नाही, त्या पुलावर मीही चाललेलो आहे. पण मावशींचा पत्ता छापणारा मी नव्हे. शोधलंत तर सापडतील: पुढ्यात ओल्या फडक्याखाली झाकलेले वाल असतात आणि समोर ऑफिसच्या बॅगा खांद्याला लावलेल्या बायकांचा घोळका.

मी या भाजीकडे वळलो ते बायकोच्या एका हिशोबामुळे. एका रविवारी मी अर्धा किलो फरसबी आणली आणि भरपूर झाली म्हणून खूश होतो. ती म्हणाली, "पाच जणांत अर्धा किलो म्हणजे माणशी १०० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना फळं-भाज्या मिळून दिवसाला निदान ४०० ग्रॅम सांगते. त्यात बटाटा धरायचा नाही." पाच जणांचे दिवसाला २ किलो! आपल्याकडे भाजी म्हणजे पोळीला लावायला ताटात एका बाजूला वाढलेली वस्तू. तिला ती पोळीइतकीच हवी होती. म्हणणं पटलं, पण रात्री आठ वाजता इतकी भाजी निवडायची कुणी? फोडणी द्यायला किती वेळ लागतो हो? दहा-पंधरा मिनिटं. खरा वेळ जातो शिरा काढण्यात, सोलण्यात, दांडे तोडण्यात. म्हणून आमच्या घरात भाजी कमी आणि बटाटे जास्त होत होते. कंटाळ्याने, आवडीने नव्हे.

तयार ग्रेव्हीची पाकिटं हा मार्ग करून पाहिलेला आहे. त्यावर बायकोचा आक्षेप मिठाचा: मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं, म्हणजे चहाचा एक चमचा, आणि पाकिटांत ते हात सैल सोडून घातलेलं असतं. मावशींच्या पिशवीत तेल नाही, मीठ नाही, नुसती भाजी. पुढचं सगळं आपल्या हातात.

पहिला मान वालांचा. कडवे वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि मग एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. डाळिंबी सुटून भांड्यात पडते आणि साल बोटाला चिकटून राहतं. अर्धा किलोला तास कुठेच गेला नाही. आई अलिबागकडची, तिच्या माहेरी हे काम चार बायका अंगणात बसून गप्पा मारत करायच्या. मुलुंडच्या वन बीएचकेत चार बायका आणायच्या कुठून? मावशी हे सगळं करून देतात. पाव किलोला ९० ते १०० रुपये, श्रावणात भाव चढतो. सुके वाल घेतले तर एवढ्या पैशांत बरेच जास्त येतील, हे आईने मला अनेकदा ऐकवलेलं आहे.

तरी पहिल्यांदा पिशवी घरी आणली तेव्हा तिने तपासणी केलीच, आणि ती कशी करायची हे मला तिथे शिकायला मिळालं. तिने दाणे ताटात पसरले. आधी मोड पाहिले: पांढरे, ताठ, फार लांब नाहीत. मोड न आलेले वाल नुसते भिजवून सोलता येतात आणि काही जण तेच विकतात, पण त्यांना मोडाच्या वालांची गोडी नसते. मग तिने फुटलेल्या दाण्यांचं प्रमाण पाहिलं. फार दाणे दोन फाका झालेले असतील तर वाल पाण्यात जास्त राहिलेत, शिजताना त्यांचं पिठलं होणार. शेवटी वास घेतला. आंबूस नव्हता. "बाई घरची दिसते," एवढंच म्हणाली आणि टीव्हीकडे वळली. आता दादरला मीही मावशींसमोर हेच करतो. मावशी रागावत नाहीत. उलट म्हणतात, "बघून घ्या दादा, उद्या परत माझ्याकडेच यायचंय."

उसळ करायला वीस मिनिटं पुरतात. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मग डाळिंब्या, आणि झाकणात पाणी. ढवळायचं नाही, कढई दोन कानांनी धरून हलवायची. शिजत आल्या की त्यातलंच गरम पाणी, आमसूल, गुळाचा खडा, गोडा मसाला आणि ओलं खोबरं. मीठ त्या वेळी. पाव किलो उसळ आमच्यात दोन वाट्या वाटायला पुरत नाही, म्हणून अर्धा किलो घ्यायचे. कडधान्य आणि भाजी दोन्ही एकातच झाल्यामुळे त्या दिवशी वरण नाही केलं तरी चालतं.

केळफूल आपण घरी का करत नाही, हे ज्याने एकदा साफ केलंय त्याला विचारा. एकेक लाल पान उचलायचं, खालची फुलांची फणी काढायची, प्रत्येक फुलातला काठीसारखा टणक दांडा आणि पातळ पापुद्रा खुडायचा. हात काळे, विळी काळी, ओटा काळा. मावशी तेल लावलेल्या हाताने हे करतात, बारीक चिरतात आणि ताकाच्या पाण्यात ठेवतात, म्हणून काळं पडत नाही. रात्री आणून फ्रिजमध्ये ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पिळून काळे वाटाणे किंवा चणे घालून भाजी करायची. माझ्या मुलाला ती मटणासारखी लागते. मी त्याचा गैरसमज दूर केलेला नाही.

सुरण कातरताना हात खाजतात ते त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. मावशींकडून फोडी घेतल्या की ती खाज मावशींच्या वाट्याला. पण घशाची खाज टाळायला आमसूल किंवा चिंच घालून नीट शिजवायचा तो आपणच. गवारीबद्दल फार सांगण्यासारखं नाही: शिरा खरोखर काढलेल्या असतात, तुकडे बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि सबंध गवारीपेक्षा पाव किलोमागे पंधरा-वीस रुपये जास्त. ती त्यांची मजुरी, आणि ती मला स्वस्त वाटते.

जूनच्या सुरुवातीला, पहिल्या पावसाच्या आगेमागे, थोडे दिवस मावशींकडे शेवळं ही रानभाजी मिळते, पालघरकडून येणाऱ्या बायकांकडून घेतलेली. वरचं आवरण काढून, आतला पिवळा भाग काढून टाकून, सोबत काकडं, म्हणजे आंबट रानफळं, मोजून देतात. काकडांशिवाय शेवळं करायची नाहीत, घसा धरतो. ज्यांना हे माहीत आहे ते धावत जातील, ज्यांना माहीत नाही त्यांनी पहिल्यांदा मावशींना विचारूनच करावीत.

आता काय घेऊ नये. इथे माझं आणि ऑफिसातल्या मैत्रिणींचं पटत नाही. त्यांचा सगळा भर बारीक चिरलेल्या कोबीवर. माझं म्हणणं, कोबी घरी पाच मिनिटांत चिरून होतो, त्याला मजुरी द्यावी असं त्यात काहीच नाही. भाजी धुऊन मग चिरावी हे आपण लहानपणापासून ऐकतो, त्याला कारण आहे: क जीवनसत्त्व आणि ब गटातली काही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, चिरल्यावर धुतलं की पाण्याबरोबर जातात. रस्त्यावरची चिरलेली भाजी मात्र धुतल्याशिवाय वापरता येत नाही, तिच्यावर दादरची धूळ असते. म्हणजे जितकी बारीक चिर तितकं नुकसान. वाल, गवार, सुरण यांचे दाणे, तुकडे, फोडी जाड, त्यांचं फार बिघडत नाही. कोबीचा कीस, चिरलेली मेथी, चिरलेली कोथिंबीर यांचं बिघडतं. दुधी काळा पडतो. कांद्याला घरी पोचेपर्यंत असा वास सुटतो की डब्यातले लोक वळून बघतात. काकडी-बीट तर कच्चंच खायचं, ते कुणी कुठल्या पाण्याने धुतलं याची खात्री नाही. कोशिंबिरीचं काम आमच्यात मुलाकडे आहे, किसणी आणि दोन गाजरं दिली की तो गप्प बसतो, हा वेगळा फायदा.

मेथी, लाल माठ, चवळीचा पाला हे निवडलेले मिळतात, पानं सबंध. ते उत्तम. पण आमच्या घरी पालेभाजी हे आईचं खातं आहे. मालिका बघत ती जुडी निवडते आणि विकतची निवडलेली मेथी आणली की, "यात दांडे किती!" असं ऐकावं लागतं. म्हणून मी ती घेत नाही. तुमच्या घरी आई नसेल तर घ्या.

सोललेला लसूण ठीक. पण तो तेलात बुडवून बाहेर ओट्यावर ठेवायची टूम हल्ली व्हिडिओत दाखवतात, ती करू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि बोटुलिझमचे जंतू नेमके तिथेच वाढतात. बायकोने मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला होता हे ऐकल्यावर.

मावशींचा दिनक्रम त्यांनीच सांगितला. पहाटे उड्डाणपुलाखालच्या घाऊक बाजारात खरेदी, मग घरी. सून आणि शेजारच्या दोघी दुपारी विळ्या घेऊन बसतात, पाचच्या सुमाराला माल दादरला. मी जातो तेव्हा सात वाजलेले असतात, म्हणजे भाजी चिरून काही तास झालेले. मुंबईच्या हवेत, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, हे तास मोजायचे असतात. चिरलेली भाजी बाहेर फार वेळ राहू देऊ नये, लवकरात लवकर फ्रिजमध्ये जावी किंवा गॅसवर. म्हणून पावसाळ्यात मी ओलसर काहीच घेत नाही, घेतलं तर त्याच रात्री संपवतो. आठ-साडेआठनंतर उरलेलं स्वस्तात मिळतं. ते का स्वस्त आहे हे लक्षात ठेवावं.

तक्रारी आहेत. पहिली वजनाची: काटा इलेक्ट्रॉनिक आहे, पण गवार आणि वाल ओले असतात आणि पाण्यालाही वजन असतं. मी निथळून द्या म्हणतो, त्या निथळतात, पण न सांगता नाही. दुसरी पिशव्यांची: राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे, ती या फुटपाथवर अजून पोचलेली नाही. मी स्टीलचे दोन डबे नेतो. मावशी आधी रिकामा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्य करतात, मग भाजी टाकतात, त्यामुळे डब्याचे पैसे जात नाहीत. तिसरी, आणि हीच मोठी: भरवसा नाही. गाडी आली की मावशी नाहीत, लग्नसराईत गावी गेल्या की मावशी नाहीत. दुसरा बेत तयार ठेवावाच लागतो. आमचा दुसरा बेत म्हणजे फ्रीजरमधले हिवाळ्यात सोलून ठेवलेले मटार, जे बायको आणि तिच्या मैत्रिणींनी लेडीज डब्यात सोललेले असतात. जेन्ट्स डब्यात संध्याकाळी हात वर करून उभं राहिलं तर खाली आणता येत नाही, मटार कसले सोलताय.

मोबाइलवरून घरपोच येणारी चिरलेली भाजीही घेऊन पाहिली. नाव घेत नाही. डबी सुरेख, वर तारीख, आत थंडगार. भाव मावशींच्या जवळजवळ दुप्पट, वजन पाव किलोपेक्षाही कमी आणि पाच जणांसाठी तीन डब्या म्हणजे प्लास्टिकचा ढीग. एकदा फरसबी बुळबुळीत निघाली. पैसे लगेच परत आले, पण रात्री आठ वाजता परत आलेल्या पैशांची भाजी करता येत नाही. शिवाय त्यांच्याकडे वाल नाहीत, केळफूल नाही, शेवळं तर त्यांनी ऐकलेलीही नसतील. बेबी कॉर्न आहे.

दुपारपाळीच्या आठवड्यातली आमची रात्र साधारण अशी असते. घरी आलो की हात धुऊन आधी कुकर: खाली भात, मध्ये तुरीची डाळ, वर लाल भोपळ्याच्या फोडी. शिट्ट्या होईपर्यंत वाल किंवा गवार धुऊन कढईत. कुकर निवाला की भोपळा कुस्करून दही, मिरची, वर तूप-जिऱ्याची फोडणी, झालं भरीत. वरणाला मीठ-हिंग. पोळ्या सकाळी बाई करून जाते. ती आली नाही तर खालच्या पोळी-भाजी केंद्रातून फक्त पोळ्या, १० रुपयाला एक. त्यांची भाजी घेत नाही, तेल वर तरंगतं. नऊच्या आत ताटं वाढलेली असतात, ताटात दोन भाज्या आणि कोशिंबीर. बायकोचे ४०० ग्रॅम दर दिवशी भरतात असं मी लिहिणार नाही, ती हे वाचणार आहे. पण सकाळचं केळं किंवा पेरू धरला तर जवळपास जातो, आणि बटाटा आठवड्यात कधीतरीच दिसतो. मुलगी बटाट्यावरून कुरकुरते. तिला शनिवारी काचऱ्या करून देतो.

पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा कापला ओल्या वजनाचा, एक बेभरवशाचा. नुसत्या वालांना पाचपैकी पाच.

जाताना ध्यानात ठेवायच्या गोष्टी: सहा ते सात ही वेळ उत्तम, गर्दी असली तरी माल ताजा. सुट्टे पैसे नसले तरी चालतं, मावशींच्या काट्याला क्यूआर कोड चिकटवलेला आहे. सोमवारी आणि श्रावणात वाल सातच्या आत संपतात, आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर बाजूला काढतात. आणि ऋषीपंचमीची भाजी हवी असेल, म्हणजे अळू, लाल माठ, सुरण, भोपळा, पडवळ, शिराळी, मक्याचे तुकडे असा सगळा साफ केलेला वाटा, तर गणपती बसायच्या चार दिवस आधी सांगा. त्या दिवशी ऐनवेळी गेलात तर मावशी मान वर करून बघणारही नाहीत.